बोडके अनारसे

मला दिगंबर सबनीसचा हेवा वाटतो. एरवी मी हे कबूल केलं नसतं. पण आता ही गोष्ट एका परदेशी सरकारकडे माझ्या सहीनिशी जमा आहे, तेव्हा आपल्या लोकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

दिगंबर माझ्याहून सहा वर्षांनी लहान. न्यू टाउनमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि कंपनीच्या कामानिमित्त आजवर नऊ देश हिंडून आलाय. मी गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्यालयात, नियम विभागात. मीही पुष्कळ हिंडलोय, पण रेल्वेचा पास समुद्र लागला की संपतो. परदेश म्हणून माझ्या नावावर एकटं नेपाळ आहे आणि नेपाळ कोणी धरत नाही. एकदा मंडळात मी नेपाळचा विषय काढला, तर दिगंबर म्हणाला, "छान आहे, बेहेरेसाहेब. सुरुवात म्हणून."

दरवर्षी पूजेच्या सुट्ट्यांआधी आमच्या कोलकात्यातल्या मराठी मंडळात त्याचं व्याख्यान असतं, 'परदेशात जाताना'. तिथले कायदे कसे पाळावेत, पासपोर्ट कुठे ठेवावा, दुसऱ्याचं बंद पाकीट का नेऊ नये, असे बारा मुद्दे. दरवर्षी तेच बारा मुद्दे, पडद्यावर तीच चित्रं आणि बाराव्या मुद्द्यानंतर तोच विनोद. लोक दरवर्षी हसतात. त्याचंही मला काही नाही. माणसं साबुदाण्याच्या खिचडीसाठी येतात आणि खिचडी व्याख्यानानंतर असते.

मला लागलं ते वेगळंच. यंदा पहिल्या रांगेत माझी बायको कालिंदी बसली होती आणि ती लिहून घेत होती. तेसुद्धा निळ्या वहीत!

ही निळी वही तिने माहेरून आणलेली आहे. तिच्यात तिच्या आईच्या लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण आहे, अनारशांचं पीठ आहे, काविळीवरचा काढा आहे. जन्मभर उपयोगी पडेल तेवढंच त्या वहीत जातं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण माझ्या तोंडचं एक वाक्य त्या वहीत नाही. माझी परिपत्रकं खरगपूरपासून चक्रधरपूरपर्यंतचे स्टेशनमास्तर उतरवून घेतात, त्यांच्यावर गाड्या चालतात. घरी मात्र मी काही सांगू लागलो की कालिंदी म्हणते, "बरं बरं, आधी तो गॅस बंद करा."

"एवढं काय लिहीत होतीस?" परतताना टॅक्सीत मी सहज विचारलं. सहज विचारायला मला तीन सिग्नल लागले.

"भाऊजी किती मुद्देसूद सांगतात हो! लिहून ठेवलं की डोक्यात ठेवायला नको. मी तर लिहिलं की विसरूनच जाते."

घर येईपर्यंत माझा निर्णय झाला होता. आपणही परदेशी जायचं. नुसतं जायचं नाही, तिथला प्रत्येक कायदा पाळून, अंगाला एक डाग लागू न देता परत यायचं. मग पुढच्या वर्षी 'परदेशात जाताना' हे व्याख्यान देणार शरच्चंद्र बेहेरे. पहिल्या रांगेत कालिंदी, मांडीवर निळी वही, उघडी. देश निवडला सिंगापूर, कारण नियमांच्या माणसाने नियमांच्या देशात जावं. दिगंबरचा मुलगा सारंग तिथे नोकरीला आहे हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्यावरून आख्खा देश सबनिसांना देऊन टाकणं मला मान्य नव्हतं.

पहिला अडथळा माझ्या नावाने आणला. महाराष्ट्रात शरच्चंद्र बेहेरे या नावात अडखळण्यासारखं काही नाही. कोलकात्यात चौदा वर्षांत त्याची झीज झालीय. इथे शरच्चंद्राचा शरतचंद्र होतो, त्याला इलाज नाही. बेहेरेचं होतं बेहेरा, आणि बेहेरा हे अस्सल ओडिया आडनाव. आधार कार्डावर मी शरतचंद्र बेहेरा आहे. ऑफिसात नव्याने आलेले ओडिया कारकून माझ्याशी आपुलकीने ओडियात बोलतात, एकाने तर पुतणीसाठी स्थळ विचारलं. सेवापुस्तकात मात्र मी बेहेरेच. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागते. माझी फाईल ज्या टेबलावर गेली त्या टेबलाने शेरा मारला, 'श्री. बेहेरे यांना परवानगी देण्यास हरकत नाही. तथापि अर्ज श्री. बेहेरा यांचा आहे.' मी तावातावाने जाब विचारायला गेलो. त्यांनी माझ्यापुढे परिपत्रक ठेवलं. खाली सही माझीच होती.

शेवटी, बेहेरे आणि बेहेरा हे दोन्ही गृहस्थ एकच असून ते मीच आहे, असं प्रतिज्ञापत्र मी केलं. मग पासपोर्टसाठी पोलीस चौकशी झाली. चौकशीला आलेले गृहस्थ आमच्याकडे यायच्या आधी शेजारी समाद्दारबाबूंकडे गेले. दारं समोरासमोर असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"इनि कि ओडिया?" पोलिसाने विचारलं.

"ना ना, माराठी," समाद्दारबाबू म्हणाले. मग जरा थांबून, "किन्तु भालो लोक."

त्या 'किन्तु'चा मी दोन दिवस विचार करत होतो.

समाद्दारबाबू जहाजाच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. आमचा बेत कळल्यावर ते चहा प्यायला आले आणि माझ्याशी ठेवणीतल्या हिंदीत बोलले.

"सिंगापूर? हम गया था. नाइन्टीन एटी-फोर. जहाज का काम था. कुछ नहीं है उधर."

म्हणजे हेसुद्धा! चौदा वर्षं समोर राहून या माणसाने मला पत्ता लागू दिला नव्हता. लुंगी नेसून खिडकीतल्या कुंडीला पाणी घालणारा मनुष्य सिंगापूरला जाऊन आलेला असतो, आणि मी नाही. चहा मला कडू लागायला लागला.

"लेकिन एक बात, बेहेरेबाबू. रास्ता पार मत होना. रास्ता पार होने का बहुत आईन-कानून है उधर. पुलिस पकड़ेगा."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हम तो पार ही नहीं हुआ," समाद्दारबाबू शांतपणे म्हणाले. "चार दिन एक ही साइड में था."

जाताना त्यांनी एसीच्या थंडीसाठी माकडटोपी घ्यायला सांगितली आणि स्वतःची आणूनही दिली.

कायद्यांचा अभ्यास मी एकट्याने केला. आठवडाभर डोळे फुटेस्तोवर संगणकावर वाचलं आणि एक्केचाळीस नियमांची यादी केली, इंग्रजीत, कारण नियमांना मराठीत वजन येत नाही. दिगंबरचे बारा, माझे एक्केचाळीस! च्युइंगम नेऊ नये. कबुतरांना दाणे घालू नयेत. मेट्रोत पाणीसुद्धा पिऊ नये. सार्वजनिक संडासात पाणी सोडल्याशिवाय बाहेर येऊ नये. सतराव्या नियमावर तर मी जेवणही विसरलो. स्वतःच्या घरात असलात तरी, बाहेरून कोणाला दिसेल अशा रीतीने विवस्त्र राहणं तिथे गुन्हा आहे. म्हणजे सिंगापुरात दिगंबर असणं हे मुळातच बेकायदेशीर! हे मी कालिंदीला चारदा सांगितलं. ती दुसऱ्या वेळी थोडी हसली. तरी मी हॉटेलच्या पडद्यांना लावायला सहा चिमटे घेतले, आणि एस्प्लनेडला जाऊन यादी लॅमिनेट करून आणली.

"छान झालीय हो," कालिंदी म्हणाली. "पण वहीतले भाऊजींचे मुद्देही बरोबर घेऊ या. ते प्रत्यक्ष जाऊन आलेत ना."

प्रत्यक्ष जाऊन आलेत! एक्केचाळीस नियम, तेही लॅमिनेट केलेले, आणि हिला अजून ते बारा हवेत. दुसऱ्या दिवशी कालिंदी भाजी आणायला गेल्यावर मी ती वही उचलली.

फाडली नाही. तेवढा मी खाली गेलेलो नाही. मी फक्त लपवली. आधी पुस्तकांच्या मागे, पण दिवाळीची साफसफाई सुरू झाली आणि पुस्तकं खाली आली. मग माळ्यावर, तर माळा खाली आला. मराठी बाईच्या घरात दिवाळीच्या तोंडावर वही लपवायला जागा उरत नाही. शेवटी ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि माझ्या प्रवासाच्या बॅगेत, तीन पँटींच्या खाली, चेनच्या कप्प्यात ठेवली. माझी बॅग मीच भरतो, त्यामुळे तिथे कालिंदीचा हात जात नाही.

कालिंदीने वही खूप शोधली. पलंगाखाली वाकून वाकून तिची कंबर धरली. मीही तिच्याबरोबर शोधत होतो.

आमचं निघायचं दिवाळीच्या आठवड्यात ठरलं. त्याच्या चार दिवस आधी दिगंबर आणि त्याची बायको रजनी आमच्याकडे आले. सारंगसाठी थोडे अनारसे न्याल का, असं विचारायला.

"बंद डबा देत नाही हां," दिगंबर म्हणाला. "दुसरा मुद्दा! उघडून दाखवतो." त्याने झाकण काढलं, मोजून नऊ अनारसे दाखवले आणि पुन्हा लावलं. स्वतःचेच नियम पाळणाऱ्या माणसाचा मला विशेष संताप येतो.

दारातून जाता जाता तो कालिंदीला म्हणाला, "आणि सातवा मुद्दा लक्षात आहे ना, वहिनी?"

"हो हो, लिहून घेतलंय ना," कालिंदी म्हणाली.

ते व्याख्यान मी कधी कान देऊन ऐकलेलं नाही. सातवा कुठला, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण दिगंबरला मुद्दा विचारायचा म्हणजे त्याच्या व्याख्यानाला माझी पोचपावती द्यायची. मी नुसती मान हलवली, जणू सातवा मुद्दा मीच त्याला सांगितला होता.

ते गेल्यावर मी डबा पुन्हा उघडला, आणि दिवाळी आधीच आल्यासारखं वाटलं. अनारशांवर खसखस नव्हती! एकावरही नाही. नऊच्या नऊ अनारसे बोडके.

"कालिंदी, हे बघ! नऊ देश हिंडलेला माणूस, आणि अनारशाला खसखस नाही!"

"रजनी विसरायची नाही हो," कालिंदी डब्यात वाकून म्हणाली. "ती सुगरण आहे. काहीतरी कारण असेल. भाऊजी अनारशांचं काहीतरी बोलले होते व्याख्यानात... लिहिलंय मी. ही वही कुठे गेली कोण जाणे."

"वही कशाला हवी? मी आहे ना!"

हे वाक्य मी छाती काढून म्हटलं. मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आपण सारंगला आपलेही अनारसे न्यायचे. परक्या देशात त्या पोराच्या पुढ्यात दोन डबे उघडायचे. एकीकडे बोडके, एकीकडे कालिंदीच्या हातचे खसखशीने भरलेले. तो घरी फोन करून सांगेल, 'बाबा, अनारसा म्हणजे बेहेरेकाकूंचा.' हे दिगंबर स्वतःच्या कानांनी ऐकेल.

खसखशीच्या बाबतीत कोलकात्यासारखं शहर नाही. इथे तिला पोस्तो म्हणतात आणि जीव टाकतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पांढरीशुभ्र निवडून दिली. पीठ कालिंदीने आधीच भिजवून मुरवलं होतं. "वहीशिवाय पहिल्यांदाच करतेय," असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघितलं. पण तिचा हात बसलेला आहे. अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून पसरला तर आपल्याकडे 'हसला' म्हणतात. कालिंदीचा एकही अनारसा हसला नाही.

ती एकेक गोळा खसखशीवर थापत होती, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला माझी यादी वाचून दाखवत होतो. तेविसाव्या नियमाशी मी थांबलो.

"ऐक हे. अफूच्या झाडापासून झालेला कोणताही पदार्थ, कोणताही भाग, जवळ बाळगू नये. अफू म्हणे!"

"अगं बाई!" कालिंदी म्हणाली आणि पुढचा गोळा खसखशीत दाबला. "आपल्यासारख्यांच्या घरात कुठली आलीय अफू!"

आम्ही दोघंही मनापासून हसलो. वासाने समाद्दारबाबू आले, त्यांनी उभ्या उभ्या दोन खाल्ले आणि "मिठाई में पोस्तो! माराठी लोग का दिमाग है," असं म्हणाले. या वेळी किन्तु नव्हता.

आम्ही सकाळी सिंगापूरच्या विमानतळावर उतरलो. इतका स्वच्छ होता की मी रुमालसुद्धा खिशातून जपून काढत होतो. बाहेर पडायला दोन वाटा होत्या. काही सांगण्यासारखं नसेल तर हिरवी, असेल तर लाल. सगळं विमान हिरव्या वाटेने चाललं होतं.

"अहो, सगळे तिकडून जातायत," कालिंदी म्हणाली.

"जाऊ देत. आपण खाण्याचे पदार्थ नेतोय. आपण सांगून जायचं." मला व्याख्यानातलं हे वाक्य दिसतही होतं, 'मित्रहो, मी स्वतः होऊन लाल वाटेने गेलो.'

लाल वाटेवर गणवेशातली एक तरुण मुलगी होती. चेहरा हसरा. तिने मला 'अंकल' म्हटलं आणि काय आणलंय ते विचारलं. मी दोन्ही डबे पुढे ठेवले आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं की ही सणाची तांदळाची मिठाई आहे. तिने आधी रजनीचा डबा उघडला, एक अनारसा उलटसुलट करून पाहिला आणि बाजूला ठेवला. "हे ठीक आहे."

मग आमचा उघडला. "यावर हे पांढरं काय आहे, अंकल?"

"खसखस," मी अभिमानाने म्हणालो.

"घ्या ना एक," कालिंदी सवयीने म्हणाली आणि डबा तिच्या पुढे सरकवला. सरकारी माणसाला काही देऊ करू नये, हा माझा एकतिसावा नियम होता. मी डबा मागे ओढला. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं कमी झालं.

"इंग्रजीत काय म्हणतात?"

तेहतीस वर्षं मी इंग्रजीत टिप्पण्या लिहितोय, पण खसखशीवर टिप्पणी लिहिण्याची वेळ आली नव्हती. मी फोनवरच्या शब्दकोशात पाहिलं आणि तो तिच्यापुढे धरला. नंतर स्वतः वाचला. पॉपी सीड्स. पॉपी म्हणजे अफूचं झाड, हे मी माझ्या यादीत स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

आपण कायद्याने वागणारी माणसं आहोत हे तिला पटवण्यासाठी मी खिशातून लॅमिनेट केलेली यादी काढून तिच्या हातात दिली. तिने ती शांतपणे, वरून खाली वाचली. एका जागी तिचं बोट थांबलं.

"यादी फार चांगली आहे, अंकल," ती म्हणाली. "तेविसावा नियम तर अगदी बरोबर आहे."

मग आम्हाला एका खोलीत नेलं. तिथे तिचे वरिष्ठ होते, पन्नाशीचे, चष्मा लावलेले, आवाज न चढवणारे. त्यांनी आमचे एकोणीस अनारसे मोजून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवी सीलबंद केली आणि तिच्यावर नंबर टाकला. कालिंदीचे अनारसे हसले नव्हते, पण आमचं हसं व्हायची वेळ आली होती. त्यांनी बॅगा उघडायला सांगितल्या. माकडटोपी निघाली. सहा चिमटे निघाले, त्यांचा उपयोग मला समजावून सांगावा लागला. मग त्यांनी तीन पँटी बाजूला केल्या, चेन उघडली आणि उशीचा अभ्रा बाहेर काढला.

निळी वही टेबलावर आली.

कालिंदीने वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. अभ्र्यात गुंडाळून लपवलेली वही, परकी लिपी, आत प्रमाणं. त्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. त्यांनी शेवटचं लिहिलेलं पान उघडलं आणि कालिंदीला म्हणाले, "वाचा. वरपासून वाचा. भाषांतर करा."

कालिंदीने चष्मा लावला. तिचं इंग्रजी बेताचं आहे, पण आवाज स्वच्छ आहे.

"मथळा," ती म्हणाली. मग मराठीत वाचलं, "हे आणि मी जाऊ तेव्हा." आणि साहेबांना इंग्रजीत सांगितलं, "माझे यजमान आणि मी जाऊ, तेव्हासाठी."

मला ते पान माहीत होतं. मी ते घरी चोरून तीन वेळा उघडलं होतं. पण तिन्ही वेळा माझे डोळे थेट 'दिगंबरभाऊजींचे मुद्दे' या दुसऱ्या ओळीवर गेले होते आणि तिथेच मी वही मिटली होती. वरची ओळ मी वाचलीच नव्हती. ती दिगंबरसाठी लिहीत नव्हती. नऊ देश हिंडलेल्या माणसासमोर बसून ती आमच्या पहिल्या देशाची तयारी करत होती, आणि मी ती तयारी पँटींखाली दाबून ठेवली.

ती वाचत गेली. सातव्या मुद्द्याशी तिचा आवाज बारीक झाला. "सात. खसखस अजिबात नेऊ नये. अनारसे, मसाला, कशातही नको. सिंगापूरला ती अफूत धरतात. रजनी सारंगला बिनखसखशीचे करते."

मला ते बोडके अनारसे आठवले, आणि त्यांना मी काय काय म्हटलं होतं तेही.

साहेबांनी चष्मा काढला. "हे अक्षर तुमचं? मिठाईही तुम्ही केलीत?" कालिंदीने दोन्हीला हो म्हटलं. "मग, मॅडम, तुम्हाला हा नियम माहीत होता."

आतापर्यंत प्रश्न अनारशांचा होता. आता तो कालिंदीचा झाला. ती गोरीमोरी होऊन टेबलाची कड धरून उभी होती, आणि मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. "तिला नव्हतं आठवत," मी म्हणालो. "ती लिहिलं की विसरते. वही तिच्याजवळ नव्हती. मी घेतली होती."

"का?"

"चुकून."

"चुकून," साहेब म्हणाले, "उशीच्या अभ्र्यात, तीन पँटींच्या खाली, चेनच्या कप्प्यात."

एवढी नेमकी टिप्पणी माझ्या विभागात कोणी लिहीत नाही. मी कालिंदीकडे न बघता म्हणालो, "आय वॉज जेलस."

"मॅडमवर?"

"नाही. मिस्टर दिगंबर सबनीसवर."

साहेबांनी खुर्ची जरा पुढे घेतली. हे मिस्टर दिगंबर मॅडमचे कोण, असं त्यांनी फार जपून विचारलं. मी घाईघाईने सांगितलं की तसलं काही नाही, ते आमच्या मंडळात व्याख्यान देतात. त्यांचे बारा मुद्दे आहेत आणि हिने ते वहीत उतरवून घेतले. माझं मात्र एकोणतीस वर्षांत काही उतरवून घेतलेलं नाही. हसरी मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

"लिहून द्या," साहेब म्हणाले.

मी लिहून दिलं. 'मी, खाली सही करणारा, असे नमूद करतो की मला श्री. दिगंबर सबनीस यांचा हेवा वाटत असल्यामुळे मी माझ्या पत्नीची वही लपवली आणि त्यामुळे तिला नियम क्रमांक सात वाचता आला नाही. चूक सर्वस्वी माझी आहे.' नोकरीत मी हजारो टिप्पण्या लिहिल्या, त्यांतल्या प्रत्येकीत चूक दुसऱ्या विभागाची होती. खाली सही केली, बेहेरे.

दोन तास आम्हाला बाकावर बसवून ठेवलं. मग लेखी ताकीद देऊन सोडलं. एकोणीस अनारसे नष्ट करायला गेले. रजनीचा डबा त्या मुलीने मला स्वतःच्या हाताने परत दिला आणि म्हणाली, "हे करणाऱ्या बाईंना नियम माहीत आहेत." एवढं सगळं झाल्यावरही ते ऐकून मला बोचलंच.

बाहेर सारंग वाट बघत होता. त्याने आईच्या डब्यातला एक बोडका अनारसा तिथेच तोंडात टाकला, डोळे मिटले आणि आमची हकीकत ऐकून घेतल्यावर वडिलांना फोन लावला, ती त्यांना सांगितली आणि फोन माझ्या हातात दिला. मी टोमण्याची तयारी ठेवली होती.

"असू दे हो, बेहेरेसाहेब," दिगंबर म्हणाला. "होतं असं. माझ्या पहिल्या खेपेला माझंही हेच झालं होतं. म्हणून तर सातवा मुद्दा!"

म्हणजे यातही तो माझ्या आधी.

सारंग गाडी आणायला गेला. आम्ही दोघं एका बाकावर बसलो. समोर रुंद रस्ता होता, आणि मी तो पार करायचा विचारही करत नव्हतो. कालिंदीने पर्समध्ये हात घातला, तो मी बघत होतो. तिने निळी वही काढली, ते पान उघडलं आणि बारा मुद्द्यांच्या खाली तेराचा आकडा घातला.

"काय लिहून दिलंत त्यांना?" ती म्हणाली. "मराठीत सांगा."

"कालिंदी, कशाला आता..."

"सांगा म्हणते ना."

मी घसा खाकरला. "मला दिगंबरचा हेवा वाटला," मी म्हणालो, "म्हणून मी तुझी वही लपवली. चूक सर्वस्वी माझी..."

"हळू हो," कालिंदी मान वर न करता म्हणाली. "लिहून घेतेय मी."